मुरूम कुणाच्या वाटेवर

शिरड शहापूरच्या पुढं एका गावात २००३ च्या हिवाळ्यात कॉलेजचं एनएसएसचं शिबिर लागलं. 'श्रमदानातून तांड्याला रस्ता' असा बॅनर शाळेवर झळकत होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली निलम राठोड स्वतः अशाच एका तांड्यात वाढलेली. तिनं सगळ्यांआधी कुदळ उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी आणायला तांड्यात गेली. सुमनबाई नावाच्या म्हातारीनं कळशी भरून देता देता विचारलं, "कोनाचा रस्ता करून राहिले गं तुमी?"

"तुमचाच की, याडी." निलमनं तिला तांड्याच्या बोलीत आई म्हटलं.

"आमची वाट तिकडं, ओढ्यातून. ह्यो तर सरपंचाच्या उसात चालला." म्हातारीनं ओढ्याकडं हात केला. "मागच्या पावसाळ्यात सुनंला बाजंवर घालून त्याच ओढ्यातून नेली. ती वाचली. लेकरू न्हाई."

निलमनं कळशी ठेवली ती थेट शिबिराचे प्रमुख ढगे सरांपुढंच. तिनं म्हातारीचं बोलणं सांगितलं, पण सरांना सगळं ठाऊक होतं. "शिबिराचं जेवण सरपंचाकडून येतं, निलम. आणि रस्ता शेवटी गावाचाच ना?"

"मंग बॅनरवर तांड्याचं नाव काहून लिवलं, सर?"

"ठरलेलं काम सोडलंस तर प्रमाणपत्र मिळणार नाही तुला."

"नका देऊ."

सकाळी ती एकटीच कुदळ घेऊन ओढ्याच्या उतारावर गेली. जमीन दगडासारखी. हाताला फोड आले, वरून पोरं बघत उभी. आपण येडेपणा तर करत न्हाई ना, असं तिला वाटून गेलं. तेवढ्यात वर्गातली सपना घमेलं घेऊन खाली उतरली. माती भरू लागली. मग एकेक करत पोरं आली. दुपारपर्यंत तांड्यातल्या बायाही दगड वाहू लागल्या.

सरपंच मोटारसायकलवरून आला. "ही सरकारी जागा हाय. परवानगी घेतली का?"

"सरकारी हाय तर तांड्याची बी हाय," निलम म्हणाली आणि कुदळ चालूच ठेवली.

त्या रात्री त्याच्या घरून जेवण आलं नाही. तांड्यातून भाकरी आणि ठेचा आला. ढगे सर आधी एका कडेला बसून होते. मग तेही पंगतीत येऊन बसले.

शिबिर संपलं तेव्हा ओढ्याच्या दोन्ही अंगांचा उतार खणून झाला होता; मधला दगडी भराव तांड्यानं पुढं महिनाभर खपून पुरा केला. कॉलेजात निलमला माफीनामा लिहायला सांगितलं. तिनं लिहिला नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही ते नाहीच.

पुढच्या वर्षी मात्र तिनं पुन्हा एनएसएसला नाव दिलं. ढगे सरांनी तिला बोलावून विचारलं, "यंदा कोणतं काम घ्यायचं?"

"ते मला काहून इचारता, सर?" निलम म्हणाली. "गाव ठरवा, आन् आदी तिथल्या बायांना इचारायला चला. बॅनर मागून लिवू."

सरांनी खुर्चीवरची पिशवी उचलली. "चल," म्हणाले.