लागलेल्याच्या जागी दुसरा

"दिवा लागना का मंग अध्याय सरेपर्यंत ओठ उघडू नको, बाई. घरले आग लागनी तरी आधी पोथी मिट, मंग ओरड."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्या गेल्या, आम्ही गाव सोडून सुरतेला आलो, बमरोलीच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला. पण रोजचा अध्याय चुकला नाही. ओठ मिटून, मनातल्या मनात वाचायचा, ओळीवर बोट फिरवत. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसणाऱ्यांना वाटायचं, वहिनी आत आहे म्हणजे आत कोणीच नाही.

ओट्यावर बसायचे तीन मुकादम. माझे यजमान रामदास, पोपटभाऊ आणि उखाभाऊ. तिघं एकाच शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तिघांच्या तीन शेड. त्या साली क्रिकेटचा विश्वचषक नुकताच संपला होता आणि आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. सुरतेतल्या प्रत्येक खानदेशी माणसाचा जीव तेव्हा गावाकडे धावतो. पण शेठने स्पष्ट सांगितलं होतं, "बधा जशो तो लूम कोण चलावशे?" सगळेच गेलात तर लूम चालवणार कोण? तीनपैकी एकाच शेडच्या माणसांना रजा मिळणार. कोणत्या, ते मुकादमांनी आपसात ठरवायचं.

भांडून ठरवण्यापेक्षा त्यांनी खेळून ठरवायचं मनावर घेतलं. पांडेसऱ्याच्या मैदानावर दर रविवारी टेनिस बॉलच्या मॅचा चालायच्या, चाळीचाळीतली आणि कारखान्यांतली पोरं खेळायची. तिघा मुकादमांनी त्या पोरांतून पाळीपाळीने अकरा-अकरा निवडले आणि आपापल्या कागदी टीमा केल्या. पोरगं मैदानावर कुठल्याही चाळीकडून खेळो, त्याच्या धावा आणि विकेटा ज्याने त्याला निवडलं त्या मुकादमाच्या नावावर. फायनल धरून ज्याचे गुण जास्त, त्याची शेड आखाजीला गावी. आणि एकदा निवडलेलं पोरगं बदलायचं नाही, हा पहिला नियम.

आमचा प्रमोद तेव्हा बावीस वर्षांचा. बॉल असा टाकायचा की समोरच्याला दिसायचा नाही. यजमानांना पोटच्या पोराला आधी निवडायचा संकोच वाटला, तेवढ्यात उखाभाऊंनी पहिल्याच पाळीला त्याचं नाव घेतलं. प्रमोद कामालाही उखाभाऊंच्याच शेडमध्ये होता. बापाच्या हाताखाली पोरगं नको, असं यजमानांचंच म्हणणं.

पण दोन रविवार झाले आणि प्रमोदचा बॉल हरवला. कुठे टाकतोय, ते त्यालाच कळेना.

त्या संध्याकाळी मी दिव्यापाशी बसले होते. बाहेर उखाभाऊंचा आवाज चढला.

"रामदासभाऊ, हा नियम बदला. तुमचा प्रमोद बॉल नाही टाकत, प्रसाद वाटतो."

"मग पहिल्या पाळीला घेतलास कशाला?" पोपटभाऊ हसले. "तेव्हा तर मिशीला पीळ देत होतास."

"तेव्हा तो टाकायचा!"

"बायको आणि टीम एकदाच करायची असते, उखा."

"तुझी टीम बरी चाललीय म्हणून तुला थट्टा सुचते. महिन्यातून एक पोरगं बदलू द्या. एकच."

"आज एक म्हणशील, उद्या दोन," यजमान म्हणाले. "मग तो बाजार होईल. ज्याचा आवाज मोठा त्याची टीम मोठी."

"बरं, आणि खरंच कोणाला काही झालं तर?" पोपटभाऊंनी मध्येच विचारलं. "तापाने पडला, हात मोडला. मग दहाच जणांवर चालवायचं? हे तर बरोबर नाही."

यजमान विचार करताना गुडघा हलवतात, ओट्याच्या फळीचा आवाज मला आत येत होता. "लागलं असेल तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "लागलेल्याच्या जागी दुसरा. जो कोणाच्याच टीममध्ये नाही असा कोणीही. हे रास्त आहे."

"आणि लागलंय हे ठरवणार कोण?" उखाभाऊंनी विचारलं.

"मी बघीन. हात वर होत नसेल, पाय टेकत नसेल, तर लागलं. खरचटलेलं चालणार नाही. आणि खोटी पट्टी माझ्यापाशी चालायची नाही."

"म्हणजे चांगलंच लागायला पाहिजे."

पोपटभाऊ मोठ्याने हसले. यजमानही हसले. मी उखाभाऊंच्या हसण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. माझं बोट ओळीवर तसंच थांबलं होतं.

अध्याय संपवून मी ताटं घेतली आणि यजमानांना म्हणाले, "हा नियम मला बरा वाटत नाही."

"का? चांगला दयेचा नियम आहे."

"ज्याच्या टीममधलं पोरगं नीट खेळत नाही, त्याला ते पोरगं पडलेलंच बरं वाटेल."

त्यांनी घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "आपलीच माणसं आहेत. तू फार वाचतेस."

पुढच्याच आठवड्यात पोपटभाऊंच्या टीममधल्या देविदासच्या पायावर बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, पडला. गाडीवरून उतरवताना दोर सटकला. तो अपघातच होता, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. दोर धरणारा त्याचा सख्खा मामेभाऊ होता. पण देविदासला खेळात सूर सापडत नव्हता, ही गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्या जागी पोपटभाऊंनी एक नवीन आलेला काठेवाडी मुलगा घेतला. त्या मुलाने रविवारी मैदानाबाहेर, थेट खाडीत बॉल मारले. पोपटभाऊ सगळ्यांच्या पुढे गेले.

"देविदासने पाय दिला, पण मॅच जिंकून दिली," ओट्यावर पोपटभाऊ म्हणत होते. "देवमाणूस आहे पोरगा!"

"तोंड सांभाळ," यजमान म्हणाले.

उखाभाऊ बशीतला चहा नुसता फिरवत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इतकं सोपं असतं होय."

फायनलच्या आधीच्या बुधवारी प्रमोद जेवताना म्हणाला, "माय, उखाकाकांनी मला कोपऱ्यातला लूम दिला. म्हणाले, आता तू जाणता झालास, ही जुनी मशीन तूच सांभाळशील."

मी त्याच्या ताटात भाकरी ठेवत होते. "त्या कोपऱ्यात काय आहे?"

"काय असणार? मोटरचा पट्टा तेवढा उघडा आहे. त्याच्यावरची जाळी कुठे गेली कोण जाणे."

"पट्टा कुठल्या बाजूला?"

"उजव्या." मग माझा चेहरा बघून तो हसला. "अगं, कितीतरी लूमना जाळी नाही. मी काय हात घालायला जातो का तिथे?"

पण हात जातो. शेडमध्ये एकदा जेवणाचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा मी पाहिलं होतं. धागा तुटला की ही तरणी पोरं मशीन बंद करत नाहीत. चालू लूमवर वाकून गाठ मारतात, आणि त्यातच त्यांना मोठेपणा वाटतो. उजवं कोपर मागे जातं. मागे पट्टा.

"दोन दिवस जाऊ नको," मी म्हणाले.

"आणि लोकांनी काय म्हणायचं? बॉल पडेना म्हणून घरात बसला? मी जासू, माय."

मी यजमानांपाशी गेले. नियम मागे घ्या म्हटलं. ते चिडले नाहीत, थकल्यासारखे बसले. "मीच केलेला नियम, फायनलच्या तोंडावर मीच मोडू? पोरासाठी मोडला म्हणतील. पुन्हा या चाळीत माझा शब्द कोण ऐकेल?"

"मग जाळीचं तरी बोला."

ते त्यांनी केलं. परत येऊन म्हणाले, "उखा म्हणतो, दुरुस्तीला दिलीय. सोमवारी येईल."

फायनल रविवारी होती.

शुक्रवारी दुपारी मी उखाभाऊंच्या घरी गेले. ते कामावर होते. त्यांची बायको चंपाबाई त्यांच्याच शेडमध्ये बॉबिन भरायला जाते, पण त्या दिवशी तिने सुट्टी घेतली होती. दाराच्या आत बसून सांजोऱ्या लाटत होती. बाजूला हिरव्या बांगड्यांचा डबा, नवं पातळ, सगळं गावी न्यायला काढून ठेवलेलं. तिची सुवर्णा गेल्या माघात सासरी गेली. पोरीची ही पहिली आखाजी.

"या, माय. बसा. खाऊन बघा एक."

"आज उपास आहे गं." मी तिच्याजवळ बसले. इकडचं-तिकडचं बोलले. मग विचारलं, "कोपऱ्यातल्या लूमची जाळी कुठे दुरुस्तीला दिलीय गं भाऊंनी?"

तिचं लाटणं थांबलं. तिने दाराकडे पाहिलं, उठून दार लोटलं. मग वाकून खाटेखालून काहीतरी ओढलं. पोत्यात गुंडाळलेली लोखंडी जाळी. तिने पोतं बाजूला केलं. तार कुठेच तुटलेली नव्हती, हुक चारही जागच्या जागी.

"मोडलेली नाही," ती म्हणाली. "मी विचारलं. तर म्हणतात, मी कोणाला हात लावत नाही. व्हयनं तर व्हयनं, नही तर नही."

आम्ही दोघी त्या जाळीकडे बघत राहिलो. बाहेर कोणीतरी नळावर घागरी आपटत होतं.

"तू का नाही परत लावलीस?"

"कशी लावू? यांच्याबरोबर जाते, यांच्याबरोबर येते. शेडमध्ये यांची नजर माझ्यावरच असते." तिच्या हाताला पीठ होतं, तशाच हातांनी तिने डोळे पुसले. "माय, माणूस वाईट नाही हो. सुवर्णाच्या सासऱ्यांनी निरोप धाडलाय, आईबाप गावात असतील तरच पोरीला पाठवू, रिकाम्या घरात नाही. पोरगी रोज वेशीकडे बघत असेल. त्या दिवसापासून हे झोपले नाहीत. पण तुमच्या प्रमोदला मी या मांडीवर खेळवलाय. उद्या शनिवार आहे. उद्या काही झालं नाही तर मग काही होत नाही."

"तर उद्या पट्टा फिरायच्या आत ही तिथे असेल," मी म्हणाले.

"कोण लावेल?"

"मी. दर शनिवारी कारखान्याच्या मारुतीला रुईची माळ घालते ना? वॉचमन मला विचारत नाही. कशी अडकवायची ते दाखव."

तिने दाखवलं. वरचे दोन हुक आधी, मग खालचे. माझ्या हातून तिने दोनदा करवून घेतलं. मग माझा हात सोडेना.

"यांचं नाव निघायला नको, माय. तुमच्या घरातसुद्धा नको. सुवर्णाच्या सासरी कानावर गेलं तर पोरीचं काय होईल?"

हे कबूल करायला मला वेळ लागला. घरात प्रमोदच्या बापापासून मी कधी काही लपवलेलं नव्हतं. पण तिने माझा हात अजून सोडला नव्हता.

"नाही निघणार," मी म्हणाले.

"शपथ?"

"मी शपथ घेत नाही, चंपा. सांगितलं म्हणजे सांगितलं."

जाळी पोत्यात गुंडाळून, वर धुण्याचा पिळा ठेवून मी घरी आणली आणि देवघराच्या मागे उभी केली. संध्याकाळी ओट्यावर तिघे नेहमीसारखे बसले. पोपटभाऊ एकटेच बोलत होते. जाताना उखाभाऊ दारात थांबले, आत डोकावले. इतक्या वर्षांत ते कधी डोकावले नव्हते.

"प्रमोद झोपला का, वहिनी?"

माझी पोथी उघडी होती. मी मानेनेच हो म्हटलं.

"झोपू द्या. उद्या काम लांबणार आहे." एवढं बोलून ते गेले.

शनिवारी उजाडायच्या आधी मी उठले. अंघोळ केली, दिवा लावला, देवापुढे हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, तशीच उठले. प्रमोद पालथा झोपला होता, उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता. तो मी उचलून अंथरुणात घेतला. यजमान कुशीवर वळले, पण काही बोलले नाहीत.

टोपलीत तळाला जाळी, त्यावर ओलं फडकं, वर रुईची पानं. टोपली जड झाली होती. नुसत्या पानांची टोपली इतकी खाली ओढत नाही, बघणाऱ्याला कळलं असतं. मी पदर तिच्यावरून घेतला आणि कडी न वाजवता बाहेर पडले.

चाळीच्या टोकाला चंपाबाई दारात उभी होती, एकटी. रोज तिच्याबरोबर असणारे उखाभाऊ नव्हते. तिने मला पाहिलं. तोंडावर पदर दाबून तिने कारखान्याच्या दिशेला बोट केलं. ते पुढे गेले होते, आज एकटेच, आजच इतक्या लवकर.

खाटेखालची जाळी गेल्याचं त्यांना कळलं होतं की काय, ते विचारायला वेळ नव्हता. मी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्यासमोरून, काही न बोलता, त्याच रस्त्याला लागले.