नावड्याच्या टेम्पो स्टँडवर घुमलेला माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. हातात धरून बोलायचा, काळ्या रंगाचा आणि लांब तारेचा. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे. जासईच्या कबड्डी सामन्यात शेवटच्या चढाईला समालोचकाने आनंदाने दोन्ही हात वर केले आणि मी खाली पडलो, तेव्हाची ती खूण आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात केसाहून बारीक तारेचं वेटोळं बसवलं गेलं आणि त्याच्यावर एक नाजूक पडदा. माणूस बोलला की तो पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. मला बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही. समोर बोलणारा माणूस असला की झालं!

पनवेलला मधुकरशेठ नावाचे गृहस्थ एक छोटी केबल वाहिनी चालवतात. त्यांनी मला विकत आणलं. पहिली कितीतरी वर्षं मी हातातून खाली उतरलो नाही. नळाला पाणी न आल्याच्या तक्रारी मी ऐकल्या, दहावीत पहिल्या आलेल्या मुलींची लाजरी उत्तरं ऐकली, शाळांच्या संमेलनांत पेढ्यांचा वास घेतला. "शेठ, तुमच्या माइकचा आवाज म्हणजे एकदम खणखणीत!" असं कोणी म्हटलं की माझी मान ताठ व्हायची.

मग कॉलरला लावायचे बिनतारी माइक आले, बोराएवढे. त्यांना तार नाही, वजन नाही. माझी तार माझ्याच गळ्याभोवती करकचून गुंडाळून मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकण्यात आलं. शेजारी एक बिघडलेला पंखा होता आणि जुन्या दिनदर्शिका. मित्रांनो, ज्याचं काम ऐकणं आहे त्याला शांततेचा फार त्रास होतो. बाहेरच्या खोलीत लोक बोलत असत आणि मला फक्त पुसटशी गुणगुण ऐकू येई. अशी चार वर्षं गेली.

आणि मग तो दिवस उजाडला!

आदल्या दुपारी राज्याचं बजेट सादर झालं होतं. गाड्यांच्या करात बदल झाले होते. सीएनजी मोटारींवरचा कर थोडा वाढला होता आणि छोट्या मालवाहू गाड्यांना दरवर्षीऐवजी एकदाच कर भरायचा, असं काहीतरी ठरलं होतं. सकाळपासून कार्यालयातला फोन थांबत नव्हता. मधुकरशेठ आतूनच ओरडले, "अस्मिता, लोक काय म्हणतायत ते दाखव! करंजाड्याला जा, नावड्याला जा, जासईला जा. दुपारच्या बातम्यांत पाहिजे मला."

अस्मिता ही वाहिनीची बातमीदार. सव्वीस वर्षांची, बोलायला चटपटीत. तिने कॉलरचा माइक उचलला, तर तो चालूच होईना. रात्री चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. तिने कपाट उघडलं, कप्पे उपसले आणि तिची बोटं माझ्या तारेला लागली.

"स्वानंद, हा चालतो का रे?"

स्वानंद म्हणजे कॅमेरामन. त्याने माझ्या तारेची जाड पिन एका छोट्या जोडणीतून कॅमेऱ्याला लावली. अस्मिताने माझ्या जाळीवरची धूळ फुंकली आणि म्हणाली, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन."

माझा पडदा थरथरला. स्वानंदने कानावरचे हेडफोन दाबून धरले आणि तो हसला. "अगं, हा तर झकास आहे!"

मला नाचावंसं वाटत होतं!

करंजाड्याला एका सोसायटीच्या गेटवर आम्ही उभे राहिलो आणि पाहता पाहता गर्दी जमली. बँकेत नोकरी करणाऱ्या नंदिनीताई ऑफिसला निघाल्या होत्या, पण थांबल्याच. "आम्ही गेल्याच आठवड्यात सीएनजी गाडी बुक केली. डिलिव्हरी पाडव्याला. आता हा जास्तीचा टॅक्स आम्हीच भरायचा का? कोणीतरी नीट सांगा ना!" त्यांच्या मागून नवरा म्हणाला, "मी सांगत होतो, इलेक्ट्रिक घेऊ!" त्यावर त्या वळून म्हणाल्या, "चार्जिंग पॉइंट सोसायटीने दिलाय का अजून?" मग सगळेच एकदम बोलायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे वाकून सांगत होते की विषय पुढच्या मीटिंगमध्ये आहे. सायकलवरून दूध आणायला निघालेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "माझ्या सायकलवर काय लावलंय का? नाही ना? मग चालू द्या तुमचं." सगळे हसले. मी तर इतका रंगात आलो होतो की चार वर्षांचा एकांत पार विसरलो.

तिथून आम्ही नावड्याला गेलो. तळोज्याच्या कारखान्यांचा माल वाहणारे छोटे टेम्पो तिथल्या स्टँडवर उभे असतात. एरवी तिथे हसणं-खिदळणं चालतं. त्या दिवशी मात्र वीस-पंचवीस ड्रायव्हर एकाच फोनभोवती गोळा झाले होते. फोनवर आलेला निरोप एक जण मोठ्याने वाचत होता. जुन्या टेम्पोवाल्यांनीही नवा कर महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरायचा, नाहीतर गाडी जप्त होणार, असं त्यात लिहिलं होतं.

बाजूला एका टेम्पोच्या बॉनेटवर कागद पसरलेले होते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा रणजीत पेन घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर कोंडिबा. कोंडिबाकाका साताऱ्याकडचे. बावीस वर्षांपूर्वी बायकोला, राजाबाईला, घेऊन इथे आले आणि हमाली करत करत त्यांनी हा टेम्पो घेतला. अस्मिताने मला त्यांच्यापुढे धरलं.

"काका, बजेटवर तुमची प्रतिक्रिया?"

काकांनी बॉनेटवरचे कागद तळव्याने सारखे केले. माझ्या पडद्याला त्यांचा श्वास जाणवत होता. असा अडखळता श्वास मी पूर्वी फार थोड्या वेळा ऐकला होता.

"काय सांगू पोरी," ते म्हणाले. "गाडी इकतुया. जप्त व्हन्यापरीस इकल्याली बरी. ह्यो नामा बघ, त्यानं सकाळीच दिली."

शेजारी उभा असलेला नामा मान खाली घालून होता. त्याच्या टेम्पोची जागा रिकामी होती.

स्वानंद हळूच म्हणाला, "भारी बाइट झाली. चल, जासईला उशीर होतोय." खरंच, बातमीला एवढं पुरेसं होतं. पण अस्मिता हलली नाही. माझ्याभोवतीची तिची मूठ घट्ट झाली. "काका, सही करू नका," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबा."

तिने फोन लावला तो वैदेहीताईंना. या बाई परिवहन कार्यालयात वाहन कराच्या विभागात तीस वर्षं काम करून निवृत्त झाल्या आहेत. अस्मिताने घाईघाईने सगळं सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "बजेटच्या भाषणाची प्रत माझ्यासमोरच आहे. वाचून दाखवते. सगळ्यांना ऐकू जाईल का?"

ऐकू कसं जाणार? रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर धडधडत जात होते. त्यात तिथे एक कांदेवाला आपली गाडी लावून होता आणि तिच्या टपावरचा भोंगा एकच पालुपद ओरडत होता, "कांदे घ्या, बटाटे घ्या!" रणजीत म्हणाला, "काका, ही माणसं टीव्हीवाली. आज येतील, उद्या कोण विचारतंय? करा सही." काकांनी पेन हातात घेतलं.

अस्मिता कांदेवाल्याकडे धावली. "दादा, तुमचा भोंगा पाच मिनिटं द्या ना! लई गरज आहे!" कांदेवाल्याने गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. त्याला माइकसाठी एकच भोक होतं, जुन्या पद्धतीचं, मोठं. स्वानंदने माझी पिन कॅमेऱ्यातून उपटली, जोडणी काढून टाकली आणि पिन त्या भोकात खुपसली. कट्! ती अशी चपखल बसली की जणू ती जागा माझीच होती. कांदे-बटाटे गप्प झाले. अस्मिताने फोन माझ्या जाळीला टेकवला.

आणि मित्रांनो, मी घुमलो! अख्ख्या नावडे नाक्यावर वैदेहीताईंचा आवाज दणाणला. त्यांनी भाषणातला तो परिच्छेद सावकाश वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "यात नव्याने नोंदणी होणाऱ्या गाड्यांचं लिहिलंय. तुमच्या जुन्या टेम्पोला हा कर लागू नाही. जप्तीचं तर यात एक अक्षर नाही. तुमचा नेहमीचा कर भरलेला असेल तर निवांत गाड्या चालवा. कोंडिबाकाका, ऐकताय ना?"

मग जो गलका झाला! कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी हॉर्न वाजवले, तर कोणी काकांना खांद्यावर घेतलं. पेन कुठे पडलं ते कोणी पाहिलंच नाही.

तेवढ्यात राजाबाई पुढे आल्या. नवऱ्याचा डबा घेऊन त्या मघाशीच आल्या होत्या आणि कडेला उभ्या होत्या. "आन गं हिकडं," म्हणत त्यांनी मला अस्मिताच्या हातातून घेतलं. जरा बिचकतच त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, पण आवाज ठाम होता.

"रणजीतराव, तुमी आमच्याच मुलखातलं. तुमाला खरं ठावं हुतं का न्हाय, ते मी इचारत न्हाय. पन आता समद्यांनी ऐकलंया. नामाची गाडी माघारी आना."

भोंग्यातून ते शब्द लांबवर गेले. सगळ्या नजरा रणजीतवर खिळल्या. त्याचा चेहरा लाल झाला. "वहिनी, मला पण ग्रुपवरच आलं होतं," तो पुटपुटला. वैदेहीताई फोनवर होत्याच. त्या म्हणाल्या, "परिवहन कार्यालयात नाव बदलेपर्यंत गाडी नामाच्याच नावावर आहे. त्याने घेतलेली रक्कम परत करावी, तुम्ही कागद आणि गाडी परत करावी. दोघांचंही भलं होईल." रणजीतने खिशातून फोन काढला आणि जासईच्या यार्डात उभ्या असलेल्या आपल्या माणसाला सांगितलं, "तो सकाळचा टेम्पो घेऊन ये. हो, परत नावड्यालाच."

पाऊण तासाने तो टेम्पो वळणावर दिसला, तेव्हा नामा चप्पल न घालताच रस्त्यावर धावत सुटला. त्याने टेम्पोच्या दारावर दोन्ही हात ठेवले आणि तसाच उभा राहिला. स्वानंद हे सगळं कॅमेऱ्यात घेत होता, आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होता. त्या दिवशी जासईला आम्ही पोहोचलोच नाही. दुपारी वाहिनीवर करंजाड्याच्या नंदिनीताई, सायकलवाले आजोबा आणि राजाबाई असे तिघेही झळकले. मधुकरशेठनी मला स्वतः मऊ कापडाने पुसलं.

पुढच्या आठवड्यात टेम्पोवाले वाहिनीच्या कार्यालयात आले आणि त्यांनी शेठजींकडे मला मागून घेतलं. आता स्टँडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याच्याशेजारी मी खिळ्याला टांगलेला असतो. नवा नियम आला, नवी बातमी आली की कोणीतरी मूळ कागद आणतं आणि माझ्यापुढे उभं राहून वाचतं. वैदेहीताई महिन्यातून एकदा येतात. राजाबाईंना आता माझी अजिबात भीती वाटत नाही. पाण्याच्या टँकरची वेळही त्या माझ्यातूनच सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कोणी जुना माइक असेल तर त्याची तार गळ्याभोवती करकचून आवळू नका, सैल वेटोळं करून ठेवा. जाळी अधूनमधून पुसा. हातातून पाडू नका. आणि आणखी एक ध्यानात ठेवा. माझ्यापुढे जे बोलाल ते मी मोठं करून लांब पोहोचवतो. खरं असलं तरी, खोटं असलं तरी. दोन्हींना माझा पडदा सारखाच थरथरतो. त्यातलं खरं कोणतं, हे मला कधीच कळणार नाही. ते मात्र तुम्हीच पाहायचं, माझ्यापुढे तोंड उघडण्याआधी.