मागच्या सीटचा विमा

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात त्याला सगळे गोगलगाय म्हणत. कामात नव्हे, कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मोटारसायकलवर बसला की सायकलवालेसुद्धा त्याला मागे टाकून जात. गाडी आधी दोघांनी वापरून टाकलेली, रंग उडालेली. "गाडीपेक्षा तुझं हेल्मेट महाग," असं मालक म्हणायचा.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत विमावाल्या बाई आल्या आणि काचांच्या खोक्यावर अर्ज पसरून बसल्या.

"दादा, या गाडीला फुल इन्शुरन्स घेऊन काय करणार? चोरीला गेली तर चोरच परत आणून देईल. थर्ड पार्टी लागतोच, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई. चालवणाऱ्याचा अपघात विमा घ्या. आणि मागे बसणाऱ्याचाही घ्या, अगदी थोडक्या पैशांत होतो."

"मागे कुणी बसतच नाही."

"वहिनी?"

"ती बसने जाते."

बाईंनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. त्याने सही केली आणि तेवढेच पैसे वाचले म्हणून खूश झाला. माणसाला कशाची खुशी होईल, काही सांगता येत नाही.

कारखान्यात गाड्या चार, आणि चारींच्या किल्ल्या दाराशेजारच्या फळीवर टांगलेल्या. कुणाची गाडी कुणी न्यायची हा प्रश्न तिथे कधी पडलाच नाही. ज्याला निघायचंय त्याने हाताला येईल ती किल्ली घ्यायची. साडेतीनला तो पाणी प्यायला उठला, तर त्याचा खिळा रिकामा.

"माझी गाडी कुणी नेली?"

"मेहुण्याने तुझ्या," मालक म्हणाला. "दुकानांत माल पोचवायचाय. ताईला दाताच्या डॉक्टरकडे नेऊन आणतो म्हणाला."

त्याच कारखान्यात माल पोचवणारा हा बायकोचा भाऊ ब्रेक लावणं कमीपणाचं समजायचा. आणि त्याच्या मागे आता ती बसली होती, त्या 'नाही'च्या रकान्यात.

तीन वर्षांपूर्वी वळणावरच्या खडीत गाडी घसरली, तेव्हा ती याच्या मागे होती. गुडघ्याला सात टाके पडले. ती हसली, "पाय आहे ना जागेवर?" म्हणाली. त्याला मात्र महिनाभर झोप लागली नाही. पुढे ती कुठे निघाली की तो म्हणे, "तू बसने जा, मला दुसरीकडे जायचंय." होता होता तिने विचारणं सोडलं. आणि हा लोकांना सांगू लागला, ती बसत नाही म्हणून.

त्याने तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मेहुण्याचा तर लागेचना. मग त्याने विमावाल्या बाईंना लावला.

"बाई, तो मागच्या सीटचा घाला."

"घालते की. उद्यापासून लागू होईल."

"आज नाही का होणार? आत्ता?"

"दादा, झालंय काय?"

"ती बसलीय."

"अहो, विम्याने माणूस पडायचा थांबत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

हे त्यालाही कळत होतं. पण आपणच तोंडाने 'नाही' म्हणालो आणि आपणच तिला ढकललं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं ते निघेना. यंत्रावर बसला तर पहिलीच काच हातात तडकली. वीस वर्षांत त्याच्या हातून काच फुटली नव्हती. रस्त्याने रुग्णवाहिका ओरडत गेली, तसा तो दाराशी धावला. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. कुणी गोगलगाय म्हणून हाक मारली नाही.

सव्वापाचला ओळखीचा आवाज आला. मेहुणा शीळ घालत गाडीवर, आणि मागे ती, एक गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस.

"फोन का नाही उचललास?" तो ओरडलाच.

तिने तोंडाकडे बोट दाखवलं.

"दाढ काढलीय, भावोजी," मेहुणा म्हणाला. "बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

ती आत येऊन खोक्यावर टेकली. अर्जाची प्रत तिथेच पडली होती. तिने ती वाचली, एका ओळीवर थांबली आणि कापूस गालात सरकवला.

"हे 'नाही' कुणी सांगितलं?"

"मीच. तू बसत नाहीस म्हणून."

"मी बसत नाही, का तुम्ही बसवत नाही?"

यंत्रं बंद नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलं. त्याने मेहुण्याच्या हातातली किल्ली घेतली, आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा बांधला.

"चल."

ती मागे बसली. तीन वर्षांनी तिचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर आले. त्याचे पाय जमिनीवरून सुटेनात.

"तुझा विमा उद्यापासून लागू होतोय," तो म्हणाला.

"मग आज हळू चालवा."

जीव मुठीत धरून त्याने क्लच सोडला.