ओली बाजू खाली

मी घोंगडी बोलतेय. जाड, काळी, टोचरी. एखादं काम रखडलं की तुम्ही त्याला भिजत घोंगडं म्हणता आणि हसता. माझं मात्र भिजत राहणं हेच काम होतं, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्याइतकी भित्री घोंगडी तुम्हाला शोधून सापडायची नाही. भीती माझ्या लोकरीतच मुरलेली आहे.

वय विचारू नका. एका चष्मेवाल्या गृहस्थाने माझ्या कसर लागलेल्या कडा चाचपून शंभर वर्षं सांगितली. मी त्याच्या तोंडावर हसले नाही, एवढंच. अहो, मी राजाचा दरबार पाहिलाय! खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. त्या दरबारातलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, मला खोडून काढणार कोण?

दरबारात मला जागा मिळाली होती नाचघराच्या दाराबाहेर, फरशीवर. चिखलाचे बूट माझ्यावर काढायचे, मऊ जोडे घालायचे आणि आत जायचं. त्या काळी राजा स्वतः नाचायचा. राजा नाचतोय म्हटल्यावर बसून राहायची कुणाची बिशाद? सरदार, मंत्री, त्यांच्या बायका, सगळे शिकायचे. पाऊल बाहेर कसं वळवायचं, हात कुठवर उचलायचा, राजाला पाठ न दाखवता मागे कसं सरकायचं. आणि नाच संपताना गुडघे मोडून, झगा पसरून, पार जमिनीपर्यंत लवायचं.

तुम्हाला वाटेल, काय मजा असेल! पण मी त्यांचे तळवे ओळखत होते. आत जाण्याआधी ते माझ्यावर उभे राहून पावलं घोकायचे आणि लटलट कापायचे. एकदा एका गलेलठ्ठ सरदाराचं पाऊल चुकलं. राजा नुसता हसला. दुसऱ्या दिवशी त्या सरदाराच्या हवेलीच्या खिडक्या बंद होत्या आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. त्याचे बूट माझ्यावरच पडून राहिले. ते न्यायला कुणी येईल म्हणून मी किती दिवस वाट पाहिली!

पुढे राजाचं पोट सुटलं. गुडघे दुखू लागले. मग त्याने नाचायचं सोडून नाच बघायला सुरुवात केली आणि नाच दरबारातून रंगमंचावर गेला. त्याच्यामागून मीही गेले, आधी सामानाच्या गाडीत, मग एका घोड्याच्या खोगिराखालून. ती हकिगत मोठी आहे आणि घोड्याची बाजू मला ठाऊक नाही.

राजे गेले, कितीतरी वर्षं गेली. रंगमंचावर आता पोटासाठी नाचणाऱ्या मुली होत्या. अंगठ्यांच्या टोकावर उभ्या राहायच्या. लोकांना त्या बाया नको होत्या, पऱ्या हव्या होत्या. म्हणून त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या तलम कापडाचे घेरच्या घेर नेसवायचे. आणि रंगमंचाच्या कडेला, त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर, गॅसच्या उघड्या ज्योतींची रांग!

आता कळलं मी ओली का? विंगेत एका खुंटीवर पाण्यात बुडवून मला टांगलेलं असायचं. कुणी पेटली तर तिच्यावर टाकायला. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवलं तर ते चटकन पेटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तुरटीने कापड कडक होतं, पिवळट दिसतं. मुली नाक मुरडायच्या. "परी कधी खळ घातलेली असते का?" म्हणायच्या. त्या नाचायच्या आणि मी खुंटीवर थेंब थेंब गळत राहायची.

त्यातलीच एक मला कायमची बिलगली. सगळे प्रवेश नीट झाले होते. उरला होता शेवटचा, दरबारातून आलेला तोच जमिनीपर्यंतचा नमस्कार. ती खाली बसली. बसताना घेराखाली हवा कोंडली, कापड फुग्यासारखं फुगलं आणि कड ज्योतीवर गेली.

ती धावली. पेटलेलं माणूस धावतंच, आणि धावलं की आग वाढते. पडदेवाल्याने मला तिच्यावर फेकलं. ती माझ्या आत थरथरत होती आणि तिच्याभोवती मी. ती जगली. डावा हात कोपरापासून आखडला तो आखडलाच. पुन्हा नाचली नाही. थिएटर बंद पडलं तेव्हा तिने दुसरं काही मागितलं नाही, मला खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं.

घरी तिची भाची होती. आईवेगळी पोर, आत्यानेच वाढवलेली. दिवसभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आत्याने तिला सगळा नाच दिला. भीतीही द्यायला निघाली, पण भिंगरीने ती घेतली नाही.

मोठी झाल्यावर भिंगरीला सिनेमात काम मिळालं. दृश्य कसलं, ठाऊक आहे? राजाचा दरबार! पुठ्ठ्याचे खांब, सोनेरी रंग, सिंहासनावर लांब कुरळ्या केसांचा टोप घातलेला एक जुना नट. सगळे त्याला राजेसाहेब म्हणत. दरबारात ती एकटी नाचणार आणि शेवटी राजापुढे लवणार. भोवती जमिनीवर मेणबत्त्यांचं कडं. दिग्दर्शकाला तलम कापडावर खऱ्या ज्योतीची झळाळी हवी होती.

आत्या मला घेऊन स्टुडिओत आली. एका खांबामागे खिळा शोधला, मला बादलीत बुडवून टांगलं आणि भाचीच्या घेराला हात लावून पाहिलं.

"तुरटीत काढलास का?"

"काढला होता. मग धुतला. कॅमेऱ्यात चुन्यात बुडवल्यासारखा दिसत होता."

"भिंगरे!"

"आत्या, तुझा जमाना गॅसचा होता. इथे एवढी माणसं आहेत. आणि ते ओलं धूड काढ ना तिथून, भुतासारखं लोंबतंय."

आत्याने तिला फक्त एवढंच सांगितलं, "शेवटी बसशील तेव्हा दोन्ही हातांनी घेर दाबून हवा काढ. मगच बस."

"हात तर वर ठेवायचेत. दिग्दर्शकसाहेबांनी तसंच सांगितलंय."

तालीम सुरू झाली. आणि घात माझ्याच पाण्याने केला. माझे थेंब फरशीवर ओघळत गेले, भिंगरीचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली. दिग्दर्शक ओरडला, "कुणाची गोधडी आहे ही? पाय मोडेल पोरीचा! काढा आधी!"

लाइटवाल्याने मला पिळलं. चांगला माणूस हो, काळजीपोटीच पिळलं. वर मला वाळायला मोठ्या दिव्याच्या तापलेल्या पेटीवर पसरून ठेवलं. आत्याला कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "बाई, कॅमेरा चालू असताना कुणीही मधे यायचं नाही. काहीही झालं तरी."

पेटीवर माझ्यातून वाफ निघत होती. वरची बाजू वाळत चालली, ओल खालच्या बाजूला उरली. मेणबत्त्या पेटल्या. कडं आणखी आत सरकवलं, कारण त्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नव्हत्या. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मी नुसती वाळत होते.

भिंगरी नाचली. काय नाचली! गिरकी घेताना घेर ज्योतींवरून असा जायचा की ज्योती झोपायच्या आणि पुन्हा उठायच्या. शेवटची गिरकी झाली. हात वर गेले. आता लवायचं. तिची नजर सवयीने खांबाकडे गेली.

खिळा रिकामा होता.

जिने मला भूत म्हटलं तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिला. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या आपला आखडलेला हात पोटाशी धरून बसली होती. भिंगरी वाकली नाही. हात खाली आणले, दोन्ही मुठींत घेर गच्च आवळून धरला आणि राजासमोर ताठ उभी राहिली.

कुणी हललं नाही. दिग्दर्शक "कट" म्हणायला विसरला. राजेसाहेब मुरलेला नट. समोरची चुकली तर सांभाळून घ्यायचं, एवढंच त्यांच्या रक्तात. ते सिंहासनावरून उठले, पुढे आले आणि त्यांनीच तिच्यापुढे कमरेतून पार जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला. टोपाचे लांब केस मेणबत्तीवर लोंबले.

भक्कन पेटले! राजा धावायला निघाला. आणि सगळे जागच्या जागी उभे, कारण कॅमेरा चालू होता आणि कुणी मधे यायचं नव्हतं. आत्या उठली, पण तिचे पाय पुढे जाईनात. धावली ती भिंगरी. कडं ओलांडून माझ्याकडे झेपावली आणि मला ओढलं. आत्याला एवढंच ओरडता आलं, "ओली बाजू! ओली बाजू खाली!"

तिने मला हवेत उलटवलं. मी राजाच्या डोक्यावर पडले. माझी उरलेली ओल चुरचुरली, मधोमध जळाले, वास सुटला, अंधार झाला. आत कुणीतरी लहान मुलासारखं रडत होतं. ते राजेसाहेब होते की मी, सांगता येत नाही.

ते वाचले. भुवया गेल्या, त्या पुन्हा आल्या. सिनेमात मात्र राजा उठायच्या आधीच दृश्य तोडलं. पडद्यावर उरली ताठ उभी भिंगरी. लोक टाळ्या वाजवतात. "काय ताठा! राजापुढेसुद्धा वाकली नाही!" म्हणतात. मला आणि आत्याला ठाऊक आहे, तिच्या मुठी कशाने आवळल्या होत्या ते.

आत्या आता नाही. भिंगरी म्हातारी झालीय, मुलींना नाच शिकवते. मी तिच्या तालमीच्या खोलीत खिळ्यावर आहे, पोटात भलंमोठं भोक घेऊन. आता दिवे थंड आहेत, मेणबत्त्या खोट्या आहेत. तरी रोज सकाळी भिंगरी आधी माझ्यापाशी येते, मला बादलीत बुडवते आणि मुलींना ओरडते, "त्या कोपऱ्यात जाऊ नका गं, पाय घसरेल!" मुली हसतात.

गेले काही दिवस ती आलेली नाही. मुली म्हणतात, गुडघे धरलेत. मी वाळतेय. कडा तर कागदासारख्या झाल्यात. आणि काल एका पोरीने स्वतःच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणल्या, खऱ्या. त्या इथेच, माझ्याखाली फळीवर ठेवल्यात.

तुम्ही त्या खोलीवरून जाणार असाल तर दार नुसतं ढकला, उघडंच असतं. बादली कोपऱ्यात आहे.