बादलीत पाय सोडून बसलेला हत्ती

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

वाचनालयाच्या तपासणीच्या तुमच्या अहवालात आहे, ‘बालविभागातील एकशे चौदा पुस्तके फाटकी, विद्रूप व वाचनास अयोग्य आढळली.’ फाटकी म्हणा, मान्य आहे. विद्रूप म्हणा, ज्याची त्याची नजर. पण वाचनास अयोग्य? त्यातलं एक तुम्ही उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंत. माझ्यासमोर. मी तिथे कोण, असं विचाराल. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहायला माझी मी शिकले, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. त्या नंतर काढा. आधी ऐका.

तुम्ही आलात तेव्हा वाचनालयाच्या मागच्या खोलीत मावशी जमिनीवर सतरंजी पसरून पुस्तकं मांडत होती. सुट्टी लागायच्या आधीचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं येणार आणि प्रत्येकाला उन्हाळ्यासाठी पाच चित्रांची पुस्तकं मिळणार, हा त्या खोलीचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला पट्ट्या मी नेते. आमच्याकडे चादर विरली की बाद होते, पण बाद झाली म्हणून कुणी ती फेकत नाही. तिच्या पट्ट्या फाडतात, उरलेल्याची फडकी करतात. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

मावशी म्हणजे डिंकमावशी. तुमच्या कागदावर ती शिपाई आहे. झाडायचं, पुसायचं, फाटलेलं चिकटवायचं, एवढंच तिचं काम. पुस्तकं निवडणं तिच्या कामात कधीच नव्हतं. निवडायला तुमची समिती आहे, आणि समितीने कागदावर निवडलेलं मावशी कपाटात नीट रचून ठेवायची. पण कुठल्या मुलाच्या हातात काय जाईल, हे तीच ठरवायची. बोटांच्या टोकांना डिंक वाळून पापुद्रे आलेले. बोलताना ती ते खरवडत बसायची.

तिची निवडायची रीत मी लहानपणापासून बघत आले. ती मुलाला कधी विचारत नसे की तुला काय आवडतं. ती विचारायची, “घरी कोण कोण असतं रे दुपारचं?”

“आजोबा.”

“दिसतं का त्यांना?”

“मोठं मोठं दिसतं.”

की मोठ्या चित्रांचं पुस्तक गठ्ठ्यात. घरात रांगतं बाळ असेल तर जाड पुठ्ठ्याचं, “ते चावणारच, चावू दे.” एका मुलीने सांगितलं होतं, दुपारी घरी कुणीच नसतं. मावशी तिच्यासाठी बराच वेळ कपाटापुढे उभी राहिली आणि एक अक्षरही नसलेलं पुस्तक काढून म्हणाली, “हे वाचून दाखवायला कुणी लागत नाही बघ. तूच बोलायचं, तूच ऐकायचं. भांडण झालं तर मला येऊन सांग.”

मला तिने दिलेल्या पाचांत हत्तीचं पुस्तक होतं. मी आठ वर्षांची. तिने विचारलं, घरी वाचतं कोण? मी म्हटलं, कुणी नाही, आईला येत नाही. “मग तूच वाच तिला. थोरली हो जरा.”

त्या हत्तीला बसायला जागा हवी असते. खुर्चीवर बसतो, खुर्ची मोडते. होडीत बसतो, होडी कलंडते. गवताच्या गंजीवर बसतो, गंजीची चटई होते. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. चित्रांची पुस्तकं शिवलेली असतात, एक पान गेलं की त्याचं जोडीचं पान सुटायला लागतं. म्हणून मावशीने तिथे त्याच मापाचा कोरा कागद लावून शिवण पक्की केली होती. त्यात दुसरा काही विचार नव्हता. आणि शेवटच्या पानावर हत्ती गाढ झोपलेला, त्याच्या पोटावर एक पक्षी.

आई याच लाँड्रीत होती. नऊ तास उभी. घरी आली की उंबऱ्यावर बसायची आणि कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडायची. बादलीची कडी तुटली होती, तिथे तार बांधलेली. मी शेजारी बसून वाचायचे.

“मग? गंजीवरून उठून कुठं बसला?”

“पान नाहीये आई.”

“नाहीये म्हणजे? एवढं मोठं धूड, बसल्याबिगर झोपलं?”

“कोरं आहे पान.”

आईने पुस्तक हातात घेऊन कोरं पान दोन्ही बाजूंनी बघितलं. मग तो सगळा उन्हाळा तिने त्या हत्तीचा ध्यास घेतला. भांडी घासताना विचारायची, काय गं, तलावात बसला असेल का? नको, बुडंल. पुलावर? पुलावरची माणसं काय करतील मग? मला कंटाळा आला. तिला आला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी खेळून आले तर आई जमिनीवर पालथी पडून, जीभ दातात धरून, त्या पानावर चित्र काढत होती. चादरींवर वॉर्डचे नंबर टाकायची निळी पेन्सिल असते, ती. तिने जन्मात कधी चित्र काढलं नव्हतं. सही अंगठ्याची. हत्ती कसला, धुण्याचं गाठोडं आणि त्याला सोंड. पण तो आमच्या उंबऱ्यावर बसला होता आणि त्याचे पुढचे दोन पाय बादलीत होते. कडीच्या जागी तारसुद्धा होती.

“मागचे पाय बाहेर का?”

“चारी मावेनात,” आई म्हणाली. “पुढचे आज, मागचे उद्या.”

मी रडले. वाचनालयाचं पुस्तक, आता मार बसणार, माझं नाव काढून टाकणार. आई म्हणाली, “काढलंय मी. मार मी खाईन.” सुट्टी संपली तेव्हा ती माझ्याबरोबर आली. दारातच थांबली, चपला हातात घेऊन. आत पाय ठेवेना. मावशीने ते पान उघडलं.

“तुम्ही काढलं?”

“हो. चुकलं. पुसायला जातं का ते?”

“पुसायचं कशाला? चार वर्षं झाली मी या कोऱ्या पानाकडे बघतेय. मला नाही सुचलं, हत्ती कुठं बसला ते.” मग आईच्या पायांकडे बघत म्हणाली, “मीठ टाकता का पाण्यात? टाकत जा. उतार पडतो.”

पुस्तक कपाटात परत गेलं. आणि पुढच्या उन्हाळ्यापासून मावशीने नियमच केला. जिथे पान गेलं असेल तिथे कोरा कागद लावायचा, आणि पुस्तक ज्याच्या गठ्ठ्यात जाईल त्याने किंवा त्याच्या घरच्याने ते पान भरून आणायचं. बोकडाच्या गोष्टीत कुणाच्या आजोबांनी काढलेली आगगाडी आहे. चंद्रावर जाणाऱ्या मांजराला कुणी स्वेटर घातला आहे, तिथे थंडी असते म्हणून. साहेब, तुमच्या एकशे चौदांत ही सगळी होती. तुम्ही ती एकेक उघडलीत, म्हणून मला ठाऊक आहे की तुम्हालाही ठाऊक आहे.

आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिचा एक फोटो आहे, ओळखपत्रावरचा, त्यात ती भ्यालेली दिसते. जन्मभर तिने चादरी धुतल्या, आणि धुतलेल्या चादरीवर धुणाऱ्याचा हात दिसत नाही. तिच्या हातचं म्हणून या जगात एकच गोष्ट होती, आणि ती दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या मुलाच्या घरी जायची. मला ती माझ्याकडे ठेवावी असं कधी वाटलं नाही. आई फिरतीवर आहे, असं मी धरून चालले होते.

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही पुस्तकं उघडत होता, पानं मोजत होता आणि शिक्का मारत होता. ‘बाद.’ ग्रंथपाल सर तुमच्यामागे उभे राहून स्वतःचे बूट बघत होते. मग हत्तीचं तुमच्या हातात आलं. तुम्ही खुर्चीचं पान उलटलंत, होडीचं उलटलंत. गंजीच्या पानावर तुमच्या ओठाचा कोपरा हलला. पुढचं पान आलं आणि तुम्ही हसलात. फसकन. जसं मुलं हसतात तिथे. मग म्हणालात, “आमची आईपण...” आणि थांबलात.

ग्रंथपाल सरांनी मान वर केली. मावशीने पापुद्रे खरवडणं थांबवलं. मला वाटलं, सुटलो.

तुम्ही खाकरलात. “हे पान छापील नाही.”

“नाही,” मावशी म्हणाली. “हिच्या आईचं आहे.”

“अहो बाई, कुणाच्या आईने काढलेलं चालत नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक. चोवीस पानं हवीत.”

“चोवीसच आहेत की. मोजा.”

“छापील तेवीस.”

“मग चोविसावं तुम्ही सांगा, साहेब. हत्ती कुठं बसवायचा?”

तुम्ही शिक्का मारलात. तोही त्याच पानावर, बादलीच्या बाजूला.

मी म्हटलं, बाद झालंय तर मला द्या. तुम्ही म्हणालात, सरकारी मालमत्ता खाजगी व्यक्तीला देता येत नाही. मी म्हटलं, बाद केली ना आत्ता? तुम्ही म्हणालात, बाद केलेली तर मुळीच देता येत नाही, ती लगद्याला जाते. यावर काय बोलायचं असतं ते मला सातवीपर्यंत कुणी शिकवलं नाही. पुढेही कुठे सापडलं नाही.

तुम्ही पुढच्या कपाटाकडे वळलात तेव्हा तुमची पाठ आमच्याकडे होती. पुस्तक सतरंजीखाली सरकवणं दोन क्षणांचं काम. मी मावशीकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही. संध्याकाळी टेम्पोत पुस्तकं भरून झाल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुमची नोकरी महिनाभराची तर राहिलीय, काय केलं असतं त्यांनी?

“काही नाही केलं असतं गं,” ती म्हणाली. “पण मी ते चोरलं असतं तर ते चोरीचं झालं असतं. पस्तीस वर्षं ते चोरीचं नव्हतं.”

मग ती टेम्पो गेला त्या बाजूला बघत म्हणाली, “तुझ्या आईने विचारलं होतं, पुसायला जातं का. मी म्हटलं, पुसायचं कशाला. मला काय माहीत, ते असं पुसलं जाईल.”

दुसऱ्या दिवशी मुलं आली. कपाटात तुम्ही त्याच टेम्पोतून पाठवलेली नवी पुस्तकं होती, गुळगुळीत, करकरीत, बोट ठेवलं तर बोट घसरावं अशी. एक दात घासण्याचं, एक रांगेत उभं राहण्याचं, एक मोठ्यांचं ऐकण्याचं. प्रत्येकाच्या शेवटी पाच प्रश्न आहेत. मावशीने त्यांतूनही निवडलं. प्रत्येकाला विचारलं, घरी कोण असतं. एका पुस्तकात कोपऱ्यात एक कुत्रा झोपलेला आहे, त्याचा गोष्टीशी संबंध नाही. ते तिने दुपारी एकट्या राहणाऱ्या एका मुलाला दिलं आणि कुत्र्यावर बोट ठेवून सांगितलं, “याच्यावर लक्ष ठेव. हा उठला की मला कळव.”

सहा वर्षांची एक मुलगी थेट तिसऱ्या फळीकडे गेली आणि हात रिकामा घेऊन परत आली.

“मावशी, ‘मागचे उद्या’ कुठंय?”

मुलं त्या पुस्तकाला तेच म्हणतात. खरं नाव छापलंय त्यावर, पण ते कुणी घेत नाही. पुस्तकात हे शब्द कुठेच लिहिलेले नाहीत. आईचे ते शब्द मी मावशीला सांगितले होते. मावशी प्रत्येकाला ते पान उघडून सांगायची आणि ती मुलं पुढच्यांना सांगायची.

“बाहेर गेलंय,” मावशी म्हणाली.

“कधी येणार?”

मावशी खाली वाकून गठ्ठा बांधू लागली. पट्टीची गाठ तिने सोडली, पुन्हा मारली. मग टेबलाच्या खणातून एक कोरा कागद घेतला, पुस्तकाच्या मापाला दुमडला आणि पट्टीखाली खोचला. मुलगी म्हणाली, हे कुठलं पान? मावशी म्हणाली, “तुला वाटेल तिथलं.” मग प्रत्येक गठ्ठ्यात तिने असा एक कागद खोचला. गठ्ठे त्रेचाळीस होते. कागद संपले तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे उलटलेले महिने फाडले आणि त्यांची पाठ वापरली.

मे अखेरीस ती निवृत्त झाली. तिच्या जागी कुणी येणार नाही, असं ग्रंथपाल सर म्हणाले. मागची खोली तुम्ही फायलींसाठी घेतली आहे. मी परवा जाऊन आले. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली आहे.

साहेब, तुमच्या पुस्तकांत शेवटी पाच प्रश्न असतात. माझा एकच आहे. पुस्तक परत द्या, असं मी म्हणत नाही, लगदा परत कुणाला देणार. अहवाल बदला, असंही म्हणत नाही. त्या शनिवारी, हातात शिक्का घेऊन, तुम्ही एक वाक्य अर्धं सोडलंत. तिथे कोरं पान आहे. ते दुसऱ्या कुणाला भरता येणार नाही.

आमची आईपण काय, साहेब?

उत्तर द्या.