पुसून काढलेलं धुकं

चित्राखाली दादाचं नाव होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्मा पुसल्याने नाव बदलत नसतं, पण आशा वेडी असते.

चित्र माझं होतं. दरीतलं जंगल, पहाटेचं धुकं, सगळं नुसत्या कोळशात. मागच्या खोलीत अडीच महिने खपले होते मी त्यावर. मला कामावरून सुटी मिळेना, म्हणून दादाने ते प्रदर्शनाला फक्त नेऊन द्यायचं होतं.

"अगं, फॉर्म भरताना घाईत माझं नाव पडलं," तो कानाशी पुटपुटला. "पहिलं बक्षीस आहे. आता तमाशा नको."

"नाव म्हणजे काय शाईचा डाग आहे, पडायला?"

तेवढ्यात परीक्षक आले. आमचे चित्रकलेचे सर! माझा जीव भांड्यात पडला. ही रीत त्यांनीच मला शिकवली होती: आधी अख्खा कागद काळा करायचा, मग खोडरबराने पुसत पुसत उजेड बाहेर काढायचा. दादा त्या वर्गात चार दिवसही टिकला नव्हता.

सरांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "धुकं कसं केलंस रे?"

"पांढऱ्या खडूने, सर. अगदी हलक्या हाताने."

त्या कागदावर खडूचा कणही नव्हता. सर नाक टेकेल इतके चित्राजवळ गेले, मग वळून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? आता बोलतील, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले.

"छान," म्हणत सरांनी दादाची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, तुम्ही ओळखलंत."

"ओळखलं. निकाल देताना वाटलं, तुझ्याकडून शिकला असेल." ते कठड्याकडे बघत होते. "आता बदललं तर माझंच हसं होईल. आणि बक्षीस घरातच गेलं ना, पोरी?"

दादाचा राग आला होता, पण त्याची सवय होती. सरांचं बोलणं मात्र जिव्हारी लागलं.

मी वर गेले आणि चित्र भिंतीवरून उतरवलं.

"कुठे नेतेस?" दादा ओरडला.

"घरी. बक्षीस घरातच गेलंय म्हणे, चित्रही जाऊ दे."

जिन्यात सर अजून उभेच होते. त्यांनी अडवावं, काहीतरी बोलावं, असं मला अजूनही वाटत होतं. त्यांनी अंग चोरून वाट दिली.