लसीच्या फ्रिजचा राखणदार

मी एक जुना स्टॅबिलायझर आहे. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलातल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात भिंतीवरच्या फळीवर बसलेला राखाडी पत्र्याचा डबा. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी, तोंडावर एक काटा आणि दिवसभर चालणारी घरघर, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, माझा जन्म नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून तार गुंडाळायच्या. तिथून एसटीच्या टपावर बांधून मला इकडे आणले आणि लसीच्या फ्रिजला जोडून दिले. काम सांगायला सोपे होते. वीज कमी आली तर वाढवायची, जास्त आली तर कमी करायची आणि फारच चढली तर फ्रिजकडे जाऊच द्यायची नाही.

करायला मात्र ते सोपे नव्हते. गावात धानाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की माझा काटा खाली पडायचा. ती एकाएकी बंद झाली की काटा उसळायचा. प्रत्येक वेळी माझ्या पोटात 'खट्' व्हायचे. अशी कित्येक वर्षे गेली. येणारे लोक फ्रिजचे कौतुक करीत. माझ्याबद्दल एवढेच म्हणत, "हा डब्बा लय आवाज करते."

माझी कदर होती ती एका वच्छलाबाईंना. वच्छला खोब्रागडे दवाखान्याच्या नर्स होत्या. सकाळी आल्या की आधी माझा काटा पाहायच्या, मग फ्रिज उघडायच्या. आदल्या वर्षी टोल्यांवर, म्हणजे जंगलातल्या लहान वस्त्यांवर, गोवराची साथ आली होती आणि काही लेकरे दगावली होती. आता फ्रिजमध्ये गोवराची लस होती. ती तापली की वाया जाते, हे बाई सगळ्यांना सांगत.

वैशाखातल्या एका रविवारी बाई फेरीवर गेल्या होत्या. तेव्हा सरपंच गुणवंतराव आले. त्यांच्याकडे गावातला पहिला टीव्ही आला होता आणि संध्याकाळी सिनेमा होता. टीव्ही जळू नये म्हणून तेवढ्यापुरता त्यांना मी हवा होतो. दवाखान्याचा शिपाई लालसू त्यांना नाही म्हणू शकला नाही. त्याने मला सोडवून दिले आणि फ्रिज सरळ बोर्डाला लावला.

सरपंचांच्या अंगणात अख्खे गाव जमले. सिनेमा रंगात आला, तशा वच्छलाबाई घामाघूम होऊन तिथे पोचल्या.

"गुणवंतभाऊ, तो डब्बा द्या. फ्रिजचा हाय तो."

"बाई, एवढा सिनेमा होऊन जाऊ द्या. माणसं कवाची बसून राह्यली. फ्रिज तं लालसूनं डायरेक लावला ना?"

"म्हणूनच त्याचा प्लग काढून आली मी. वारा पाहा कसा सुटून राह्यला. फ्रिज जळला तं दुसरा कवा भेटन? अन् लेकरायच्या लसीचं काय?"

सरपंच उठावे की बसावे अशा घोटाळ्यात होते. तेवढ्यात वावटळ आली आणि खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि वीज एकदम चढली. गावातले सगळे दिवे पांढरेफटक झाले. पंखा भणभणला. माझा काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. दुपटीच्या जवळ वीज माझ्या अंगावर आली होती. मी टीव्हीची वाट तोडली, पण माझी तार तापली, वितळली आणि पोटातून धूर निघाला. घराघरांतून बल्ब फुटल्याचे आवाज आले. मग अंधार झाला.

कुणीतरी कंदील आणला. सरपंचांनी टीव्हीवरून हात फिरवला.

"वाचला वाटते, बाई."

"टीव्ही वाचला. प्लग लागून असता तं फ्रिज गेला असता." बाईंचा आवाज थकला होता. "आता गावात लाइन नाई, डब्बा नाई. फ्रिजचं दार उघडलं नाई तं उद्या दुपारपर्यंत थंडा राहीन. लस बुधवारी देणार होतो, ते उद्या सकाळीच द्या लागते. टोल्यावर निरोप कोण नेईन?"

गुणवंतराव खाली पाहत होते. "मी जातो," ते म्हणाले. "लालसू, चाल. बैलगाडी जुंप."

सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर आया बसल्या होत्या. मी जळका, टेबलाच्या कोपऱ्यात पडलो होतो. सोमारी नावाची बाई सगळ्यांत पुढे होती. तिची थोरली मुलगी गोवराने गेली होती. धाकटीला तिने पोटाशी घट्ट धरले होते.

"बाई, पयली गेली माही," ती म्हणाली. "हिले टोच."

बाईंनी फ्रिज उघडला. बर्फ अजून शाबूत होता. लस गार होती. सुई टोचली तशी धाकटी जोरात रडली आणि सोमारी हसता हसता डोळे पुसू लागली. दुपारपर्यंत एकही लेकरू तसेच परत गेले नाही.

पुढे गुणवंतराव मला मांडीवर घेऊन एसटीने सिंदेवाहीला गेले. तिथे वामनराव मिस्त्रींनी माझी तार नव्याने गुंडाळली. मी परत फळीवर आलो. पण जळून पुन्हा उठलेल्याला पहिली ताकद नसते, मित्रांनो. हल्ली मी लवकर तापतो. वच्छलाबाईंची बदली झाली. माझ्या जाळीवर धूळ साचली आहे, आत मुंग्यांनी घर केले आहे. मध्यंतरी माझा फ्यूज सारखा जातो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार घालून ठेवली. आता फ्यूज जात नाही. धक्का सरळ आत येतो. मी दमलो आहे.

म्हणून सांगतो. वारा-वादळ दिसले की टीव्ही, रेडिओ, फ्रिज, सगळ्यांचे प्लग काढून ठेवा. माझ्यासारख्यांवरची धूळ महिन्याकाठी तरी पुसा. आणि फ्यूज गेला तर चिडू नका. तिथे पुन्हा बारीकच तार बसवा. सगळ्यांच्या आधी तुटणे हेच तिचे काम आहे. ते तिला करू द्या.